शाखेचं नाव दहा आकडी

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. हातात अडुसष्ट पानांची पुस्तिका आहे आणि तिच्यात सांगितल्याबरहुकूम एक वेबसाइट बदलायची आहे. वेबसाइट म्हणजे एकच पान. आजारी माणसांना घरी वापरायला व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, वर-खाली होणारे पलंग असं सामान फुकट देणारी एक संस्था आहे, तिच्या एका शाखेचं ते पान. शाखा म्हणजे जिन्याखालची खोली; आत शिरताना उंच माणसाला मान तिरकी करावी लागते. पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलंय की मुख्य फोटोत किमान पाच स्वयंसेवक हवेत, ते कामात गुंतलेले हवेत, आनंदी हवेत आणि एकानंही कॅमेऱ्याकडे पाहता कामा नये. शाखेत स्वयंसेवक तीन आहेत. आता करा सुरुवात.

माझ्या मामांनी केली.

मामांनी एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घेतलं. मीटर उगाच जोरात पळतोय म्हणून लोक अंगावर धावून यायचे, तेव्हा ते शांतपणे म्हणायचे की पळत असेल, मी दिसतं ते लिहितो. निवृत्तीनंतर घरी बसून त्यांनी फ्रिजचं दार दिवसातून किती वेळा उघडतं याची नोंद ठेवायला घेतली. चौथ्या दिवशी मामीनं त्यांना हाताला धरून या संस्थेत नेऊन सोडलं. तिथे आधीपासून दोघं होते. एक निवृत्त कंपाउंडर, आणि पलंगाच्या गाद्यांना कव्हरं शिवून देणारी टेलरताई.

शाखेची वेबसाइट मी करून दिली होती, पण मजकूर मामांचा. त्यातही त्यांनी दिसतं तेच लिहिलं. ‘व्हीलचेअर क्र. ३ : डावीकडे ओढते. अरुंद घरात नेऊ नये.’ ‘वॉकर : कुरकुरतो, पण पक्का आहे.’ आणि सगळ्यात वर शाखेचा फोन नंबर, लाल रंगात, इतका मोठा की मोबाइलवर त्याच्या दोन ओळी व्हायच्या. मी एकदा म्हटलं होतं की मामा, हे फार ओरडल्यासारखं दिसतं. तेव्हा त्यांनी मला एका बाईंची गोष्ट सांगितली. त्यांचे यजमान न्हाणीघरात पडले होते. घाबरून त्या चष्म्याशिवाय बाहेर पडल्या आणि औषधाच्या दुकानासमोर उभं राहून मोबाइलवर बारीक अक्षरांत नंबर शोधत बसल्या. त्यात पाऊण तास गेला. त्यानंतर मामांनी ठरवलं की आपला नंबर बिनचष्म्यानं वाचता आला पाहिजे. मी नंबर होता तसाच ठेवला.

पुस्तिकेसोबत मुख्य कार्यालयाकडून आलेलं पत्र सरळ होतं. सगळ्या शाखांच्या वेबसाइट एकसारख्या दिसायला हव्यात. तीन आठवड्यांनी तपासणी. शंभरपैकी नव्वदच्या खाली गुण पडले तर शाखेचं पान बंद, आणि तिथे येणारा माणूस मुख्य कार्यालयाच्या फॉर्मवर जाईल. फॉर्म भरल्यावर तीन कामाच्या दिवसांत उत्तर.

मामांनी पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, “पडलेला माणूस तीन कामाचे दिवस पडून राहणार का?”

खरं सांगायचं तर पुस्तिका वाईट नव्हती. रंग, अक्षरांचे आकार, मोकळी जागा, सगळं विचार करून ठरवलेलं. मला कुणी लिहायला सांगितली असती तर मीही साधारण अशीच लिहिली असती, आणि फुशारकीनं चार जणांना दाखवली असती. पण ती लिहिताना जिन्याखालची खोली कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

आधी फोटो काढायचं ठरलं. तिघांचे पाच करायला मामी आणि इमारतीचा वॉचमन यांना बोलावलं. व्हीलचेअर क्र. ३ मधोमध ठेवली आणि पाचही जणांना तिच्यावर काम करायला लावलं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही म्हणून प्रत्येकजण वेगळ्या भिंतीकडे बघत होता. फोटो असा आला, की जणू पाच जणांचं आत्ताच कडाक्याचं भांडण झालंय आणि खुर्ची कुणाला द्यायची ते ठरत नाहीये. कंपाउंडरना हसायला सांगितलं तर ते म्हणाले की चाळीस वर्षं मी इंजेक्शन देताना हसलो नाही, लोक घाबरतात. मामीचं म्हणणं, आधी हसण्यासारखं काहीतरी करा, मग हसते. शेवटी टेलरताईनं तोडगा काढला. सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं.

“पाठमोरा माणूस आनंदी नाही, हे त्यांनी सिद्ध करून दाखवावं,” ती म्हणाली.

फोटो गेला तसाच.

मग शब्दांची पाळी आली. पानावर नको असलेल्या एकेचाळीस शब्दांची यादी होती. पडणं, मोडणं, दुखणं, आजार, म्हातारपण. संस्थेचा सूर उमेदीचा हवा. त्यामुळे कुबड्यांनाही मनाई, त्याऐवजी ‘चालण्यातले सोबती’ लिहायचं. मामांनी यादीवर बोट ठेवून एकेक शब्द मला काढायला लावला. दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. त्यांना रोज सकाळी सहाला, तळ्याला दोन फेऱ्या मारायला एक सोबती हवा होता. फार बडबड्या नको. मामांनी फोनवर हात ठेवून कंपाउंडरांकडे पाहिलं. आपल्या पानावर आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? कंपाउंडर गेले, आणि अजून जातात. मास्तरांची तक्रार एकच, माणूस हसत नाही.

इथवर मामा शांत होते. पण चौतिसाव्या पानावर नियम निघाला की फोन नंबर पानाच्या अगदी तळाशी, राखाडी रंगात, बारा आकाराच्या अक्षरांत द्यावा. अन्यत्र कुठेही देऊ नये. या एका नियमाला पंधरा गुण होते. नंबर वर ठेवला तर शाखेचं पान जाणार, आणि खाली नेला तर पान असून नसल्यासारखं.

मामांनी पुस्तिका घरी नेली. मामी सांगते की चार दिवस ते जेवताना पुस्तिका ताटाशेजारी उघडी ठेवायचे आणि विचारलेल्या प्रश्नाला पान नंबर सांगायचे. पाचव्या दिवशी त्यांनी शाखेतल्या बाकी दोघांना तातडीच्या सभेला बोलावलं आणि सातवं पान वाचून दाखवलं. शाखेचं नाव पानाच्या शिरावर, ठळक, मावेल तेवढ्या मोठ्या आकारात असावं. नाव बारा अक्षरांहून मोठं नसावं. मोठं असल्यास शाखेनं बहुमतानं नवीन नाव ठरवून तपासणीपूर्वी कळवावं.

आमच्या शाखेचं नाव होतं ‘नदीपलीकडचा पूर्व विभाग’. ते बदलावंच लागणार होतं.

“आपला नंबर दहा आकडी आहे,” मामा म्हणाले. “दोन जागा शिल्लक राहतात.”

कंपाउंडरनी शंका काढली की उद्या नंबर बदलला तर? मामा म्हणाले, तर शाखेचं नाव बदलू, सभा घ्यायला आपल्याला कितीसा वेळ लागतो. टेलरताईला फक्त एवढंच हवं होतं की बोर्ड रंगवताना आकडे सुटे सुटे काढावेत. ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मामीला कळल्यावर ती म्हणाली की बरं झालं, आता मला हाक मारताना बिलावरचा ग्राहक क्रमांक म्हणा.

मुख्य कार्यालयाला नाव फोनवर कळवायचं होतं. मी समोरच बसले होते, फोन स्पीकरवर होता. तिकडे एका मुलीनं उचलला.

“शाखेचं नवीन नाव सांगा काका.”

मामांनी दहा आकडे सावकाश सांगितले.

“नंबर मग घेते. आधी नाव सांगा.”

“तेच नाव आहे.”

“बरं. मग फोन नंबर?”

“तोच.”

पलीकडे बराच वेळ टाइप करण्याचा आवाज येत राहिला. मग ती मुलगी म्हणाली की नावाच्या रकान्यात आकडे चालतायत, सिस्टिमनं घेतलं. आणि मग दबक्या आवाजात तिनं विचारलं, “काका, हे नाव कुणाच्या स्मरणार्थ आहे का?” मामा म्हणाले की हो, पुष्कळांच्या.

दुसऱ्या दिवसापासून पानाच्या शिरावर संस्थेचा लोगो, त्याभोवती नियमाप्रमाणे मोकळी जागा, आणि खाली निळ्या रंगात शाखेचं नाव, इतकं मोठं की मोबाइलवर त्याच्या दोन ओळी होतात. तळाशी राखाडी रंगात, बारा आकारात, तोच नंबर. फोन पूर्वीसारखेच येऊ लागले. एका माणसानं घाईघाईत विचारलं की ही नक्की कोणती शाखा? मामा म्हणाले, तुम्ही फोन लावलात तीच. खुर्ची किती मजले चढवायची ते सांगा.

निकाल महिन्यानं आला. शंभरपैकी शहाण्णव. विभागातले सर्वाधिक गुण. सोबत अभिनंदनाचं पत्र, ‘प्रिय’ या शब्दानंतर दहा आकडे आणि स्वल्पविराम. टेलरताईनं ते चौकट करून भिंतीवर लावलं. फोटोला पैकीच्या पैकी गुण होते.

मामा मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ आहेत. गुणपत्रिकेत चार गुण कापलेत आणि कारणाचा रकाना रिकामा आहे. मोकळी जागा त्यांनी पट्टी लावून मोजली, ती बरोबर आहे. एकेचाळीस शब्दांपैकी एकही राहिलेला नाही. निळा रंग मी तीनदा तपासून दिला. उरतं फक्त नाव. चार गुण नावाचे कापले असतील, तर तिथे कुणाच्या तरी ते लक्षात आलंय आणि पुढच्या तपासणीला फोन नंबरच्या नियमाचे ते पंधराही कापतील. नावाचे नसतील, तर काळजी नाही. पण विचारायची सोय नाही. विचारायला गेलं की ते पान पुन्हा उघडून बघणार, आणि आत्तापर्यंत लक्षात आलं नसेल तर आता येणार. कंपाउंडर म्हणतात, सोडून द्या. मामी म्हणते, शहाण्णव माझ्या सगळ्या भावंडांना मिळून पडले नाहीत.

परवा मी गेले होते, तर मामा गुणपत्रिका घेऊनच बसले होते. मी बसायच्या आत त्यांनी ती माझ्यासमोर सरकवली.

“तू या लाइनमधली आहेस. कुणाला न विचारता, नुसतं बघून सांग. हे चार कशाचे कापलेत?”