पदर झटकणारी मोलकरीण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडले तरी तिथे मी भलतंच काही बोलत बसते. आत्ता सांगायला घेतलंय तर आधी दार लावून आलेय — हसू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पांडेसऱ्याला, कापडाच्या मिलांच्या वस्तीत, आमची दहा खोल्यांची लाइन, म्हणजे बैठी चाळच. नवरा डाइंग मिलमध्ये, रातपाळीला. लाइनीत टीव्ही एकट्या आमच्याकडे. पण दिवसा हा माणूस झोपलेला, मग कुणाला आत घेणार? रविवारी दुपारी एक हेरगिरीची हिंदी मालिका लागायची. मी आवाज बारीक करून, पडद्याला नाक लावून बघायची. नंतर ओटल्यावर, दारापुढच्या ओट्यावर, बायका साड्यांना टिकल्या चिकटवायला बसल्या, की त्यांना सगळा भाग सांगायची. हात चालू, कान माझ्याकडे.

त्या मूळच्या विलायती गोष्टी मी माहेरी, अमळनेरला, लायब्ररीतून आणून मराठीत वाचलेल्या. टीव्हीवाल्यांनी त्यांची काय झकास मोडतोड केली होती! पुस्तकातला हेर बग्गीतून फिरायचा, इथला खटारा स्कूटरवर. पुस्तकात तो सडाफटिंग. इथे त्याला बायको होती, आणि भेंडी चिरता चिरता ती सहज असं काही बोलून जायची की खुनाचा उलगडाच व्हायचा. चोरसुद्धा बदलायचे. मला फार मजा यायची. मग वाटलं — ते बदलतात, तर मी का नाही?

आधी बारीकसारीक बदलायची. खरंच, आधी बारीकसारीकच.

आमच्यात विमल म्हणून एक होती. परभणीकडची. नवरा सोडून गेलेला, पदरात एक मुलगी. बोलायची कमी. उठताना मात्र न चुकता उभी राहून पदर दोनदा झटकायची — टिकल्या चिकटून घरी जायला नकोत म्हणून. आम्ही सगळ्याच झटकायचो. पण तिचं झटकणं बघण्यासारखं असायचं, जणू कुणी तिची झडती घेतंय.

एका भागात मोत्यांचा हार चोरीला जातो. पुस्तकात चोर डॉक्टर होता, टीव्हीवाल्यांनी घरचा जावई केला. आणि मी? मी चोर केली मोलकरीण. ती रोज जाताना सगळ्यांसमोर पदर झटकते — बघा, रिकामा आहे — आणि हार मात्र ओच्यात. मी उठून झटकूनसुद्धा दाखवलं. बायका पोट धरधरून हसल्या. विमलही हसली. मला इतकं बरं वाटलं! काय सांगू तुम्हाला, इतकं बरं वाटलं.

पंधराच दिवसांनी आमच्यातल्याच शेवंताच्या बाळाचे चांदीचे वाळे गेले. बाळ ओटल्यावरच खेळत होतं, आम्ही सगळ्या तिथेच. कुणी नाव घेतलं नाही. कुणीतरी एवढंच म्हणालं, "टीव्हीत नव्हतं का तसंच?" — आणि सगळ्यांच्या माना विमलकडे वळल्या. बोलायची वेळ तीच होती. मी टिकल्या चिकटवत राहिले.

तिच्या खोलीची झडती झाली. सापडलं काहीच नाही, पण टीव्हीतल्या बाईकडे तरी लगेच कुठे सापडलं होतं? तेही मीच घातलेलं. ठेकेदाराने तिला साड्या देणं बंद केलं. घरमालकाने खोली सोडायला सांगितली.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात आली. मुलगी कडेवर. म्हणाली, "ताई, टीव्ही तुमीच बघितलाय. तुमचं ऐकतेत समद्या. सांगा की त्यांना, ती बाई टीव्हीत नव्हती म्हणून."

म्हणजे तिला कळलं होतं! कसं कळलं, कधी कळलं — मी विचारलं नाही. मला एवढंच दिसत होतं की मी बोलले तर उद्या ओटल्यावर मी खोटारडी. मग माझ्या खोलीची झडती कशावरून नाही? मी म्हणाले, "मी काय सांगू बाई, टीव्हीवाल्यांनी दाखवलं तसंच होतं." मी दार लोटून घेतलं. ती पुढच्या वस्तीत, भेस्तानला, गेली असं ऐकलं, पुढचं माहीत नाही.

सहा महिन्यांनी मालिका पहिल्यापासून परत दाखवायला लागले. नेमका तेव्हाच नवरा दिवसपाळीला लागला. घर मोकळं, बायका खूश — आता आम्हीपण बघणार! मला जेवण जाईना. हाराचा भाग कुठल्या रविवारी येणार ते मी बोटांवर मोजायची. त्या रविवारी सकाळीच मी स्टुलावर चढून अँटेनाची वायर ओढून काढली. दुपारी सगळ्या जणी येऊन बसल्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी बटणं फिरवत होते, चुकचुकत होते.

मी सुटले असं वाटलं तेवढ्यात शेवंता म्हणाली, "जाऊ दे वं माय, तूच सांग. तुनी गोट टीव्हीपेक्षा गोड लागस."

सगळ्या टीव्हीकडे पाठ करून माझ्याकडे वळून बसल्या. त्या दिवशी जावयाचं नाव घेता आलं असतं. शेवंताचं बाळ माझ्याच मांडीवर होतं.

मी सांगितली. मोलकरणीचीच सांगितली. आणि पदर झटकायची वेळ आली तेव्हा बाळाला खाली ठेवलं, उभी राहिले, आणि झटकून दाखवला.