वाट्या मोजणारी दैवशाला

घनसावंगी मागं पडली तरी दैवशालाचा अभ्यास चालूच होता. नवरात्रातली पाचवी माळ, दोघी अंबडच्या देवीला अनवाणी निघालेल्या, आणि रस्त्यात जे दिसेल ते ती इंग्रजीत म्हणून पाहत होती.

“अ गोट. अ ट्रॅक्टर.”

“अंडं सांग,” सुरेखाताई म्हणाल्या.

“ॲन एग. ताई, उपासाच्या दिवशी अंडं काहून विचारून राह्यल्या?”

ताईंनी मनातल्या मनात देवीची माफी मागितली.

सुरेखाताई गावच्या अंगणवाडीच्या सेविका, दैवशाला त्यांची मदतनीस. ताई येत्या उन्हाळ्यात रिटायर होणार होत्या. त्यांच्या जागी लागायचं तर दैवशालाला बारावी पास व्हायला हवं होतं, आणि बारावीचं फक्त इंग्रजी राहिलं होतं. ताईंचं शिक्षणही मराठी शाळेतलंच, पण नियम त्यांना पाठ होता. मोजता येईल अशी एकच वस्तू असली की आधी ‘अ’ नाहीतर ‘ॲन’. पाणी, पीठ, मीठ यांना काही नाही.

दैवशालाला तो नियम लगेच आला. तरी मागच्या वेळी ती थोडक्यात नापास झाली. तोंडी परीक्षेत सरांनी घरची माहिती विचारली.

“आय हॅव डॉटर,” ती म्हणाली.

“अ डॉटर,” सर म्हणाले.

सरांनी पुन्हा सांगितलं. ती टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत बसली. सरांना वाटलं, बाईंना येत नाही.

ताईंना कारण ठाऊक होतं. मागच्या जनगणनेला दारात आलेल्या माणसानं विचारलं, लेकरं किती? दैवशाला “दोन” म्हणाली. त्याच पावसाळ्यात धाकटा तापानं गेला. थोरली राजनंदिनी आता दहावीला आहे. पण त्या दिवसापासून दैवशालानं लेकरू मोजलं नाही. स्वतःचं नाही, दुसऱ्याचंही नाही. अंगणवाडीत ती खिचडीच्या वाट्या मोजायची. “आज सव्वीस वाट्या,” ती सांगायची, आणि ताई हजेरीवर सव्वीस मांडायच्या. एकदा पाहणीला आलेल्या मॅडमनी तिला विचारलं, “मुलं किती?”

“वाट्या विचारा,” दैवशाला म्हणाली.

देवीचा डोंगर दिसू लागला तसे दोघींनी हात जोडले.

“अगं, एवढुसा तो ‘अ’,” ताई म्हणाल्या. “सरांपुढं म्हणायचा अन् सोडून द्यायचा. देवी समजून घेती.”

“देवीचं भेव न्हाई ताई. मला माझ्या तोंडाचं भेव हाय.”

“मंग बस तशीच. उद्या बाहेरची कोणी सेविका येईल अन् तुलाच भांडे घासाय लावील.”

“आता काय तुम्ही घासून राह्यल्या का?”

ताईंनी पायथ्याशी नारळ घेतला. पायऱ्यांशी आल्यावर दैवशाला थांबली.

“ताई, मी म्हणते सरांपुढं. बराबर म्हणते. पण तुम्ही आधी देवीला सांगून ठेवा, ही जे म्हणल ते मोजणं न्हाई, ते इंग्रजी हाय.”

“तूच सांग की. तुझी न् तिची काय वळख न्हाई?”

“मी सांगाया गेले तर तिथंच मोजल्यावाणी होतंय. तुम्ही सांगा. राजनंदिनीचं नाव घेऊन सांगा. आकडा तेवढा नका घेऊ.”