टोपी नसलेल्या दहा गोळ्या

सतरा वर्षं इन्फंट्रीत काढली, बहुतेक आर्मरर म्हणून, म्हणजे हत्यारांची देखभाल; हवालदार होऊन निवृत्त झालो. नंतर अमिरातीत, अल ऐनबाहेरच्या एका खासगी शूटिंग रेंजवर तेच काम धरलं. रायफली जुन्या, गोळ्या तिथेच ओतलेल्या, शिशाच्या. गोळ्या ओतायचं आणि काडतुसं भरायचं काम गुरवकडे. हा चिपळूणचा, आधी लेथवर होता, फौजेशी संबंध शून्य. मी मुकादम, खेडचा. गाववाला म्हणून पहिल्याच दिवशी त्याने घावणे आणून दिले. मी ते खाल्ले, पण माणसावर विश्वास ठेवला नाही.

कारण तो गोळ्या तपासत नसे. गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवतात, गॅस चेक. टोपी असली की दारू पूर्ण भरता येते. नसली तर कमीच भरायची, नाहीतर बूड वितळतं, शिसं नळीला चिकटतं आणि गोळी कुठेही जाते. दोन प्रकार, दोन ट्रे. बुडावर उभ्या ठेवल्या की सगळ्या सारख्याच. म्हणून रोज ०५३० ला, गुरव यायच्या आत, दोन्ही ट्रेमधल्या दहा-दहा गोळ्या मी भिंगाखाली बघायचो. त्याला कधी सांगितलं नाही.

एका गुरुवारी ०७४० ला एका मेंबरच्या टार्गेटवर गोळी आडवी लागल्याचं लांबट भोक पडलं. पुढची शेजारच्या लेनच्या खांबावर आदळली, तिथल्या माणसापासून हातभर अंतरावर.

"सीज फायर!" मी ओरडलो.

नळीत शिशाचा थर होता. उरलेली काडतुसं उघडली. आठ गोळ्यांना टोपी नव्हती.

गुरव पांढराफटक पडला. "हवालदार, मी ट्रे बदललेला नाय."

"भरण्याआधी तपासल्या होत्यास?"

"नाय."

मॅनेजर म्हणाला, "खलास. मुकादम, रिपोर्ट दो. कल इसका टिकट."

रिपोर्ट मी फौजेसारखा वेळ टाकून लिहितो. ०५३०, ट्रे तपासले. ०५३५. इथे पेन थांबलं. त्या दिवशी गुरवची गाडी लवकर आली होती. पकडला जाऊ नये म्हणून मी दोन्ही ढीग घाईघाईत परत टाकले होते. अदलाबदल माझ्याच हातून झाली होती. ती ओळ गाळली असती तरी कोणाला कळलं नसतं. मला माझीच लाज वाटली.

असाच एक रिपोर्ट मी काश्मीरमध्ये लिहिला होता. धुक्याची दुपार. वायरलेस कंट्रोलवर मी, पुढच्या पोस्टवर नाईक जाधव. १४१० ला त्याला बोलावलं. "टायगर टू, रिपोर्ट. ओव्हर." तीनदा बोलावलं, उत्तर नाही. तो डुलक्या घेतो असा माझा आधीपासून संशय. लिहून टाकलं, 'संत्री झोपलेला.' १५३० ला पार्टी वर पोचली. जाधव दरडीखाली मरून पडला होता, हँडसेट मुठीत. साहेबांनी माझी ओळ खोडली.

०५३५ ची ओळ मी पूर्ण लिहिली आणि सही केली. गुरव राहिला. तिकीट माझं निघालं.

मुंबईला उतरलो तो खेडला न जाता साताऱ्याकडे गेलो, जाधवच्या गावी. त्याची आई ओट्यावर बसली होती.

"आई, जाधव ड्युटीवर जागा होता," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "झोपला व्हता असं कोण म्हणालं?"

"मी."