कोपराने पाणी बघणारी

वहिनीच्या तळहातांना गरम कळत नाही. सव्वीस वर्षं कढत पाण्यातून टॉवेल पिळून काढल्यावर कळणार तरी कसं? उकळतं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवते. मी ओरडलो की म्हणते, "भाऊजी, तुमचाच जीव नाजूक."

ती माझ्या सख्ख्या भावाची बायको नव्हे. तिचा नवरा आणि मी एकाच कारखान्यात एकच बॉयलर सांभाळायचो. त्याची पाळी संपली की माझी सुरू. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. वहिनी आणि भाऊजी या हाका तेवढ्या राहिल्या.

ती मालीश करते. चपलांच्या दुकानावर दोन खोल्यांचं उपचार केंद्र आहे, तिथे होती. माझा डावा खांदा व्हॉल्व्हची चाकं फिरवून कामातून गेलेला, म्हणून दर मंगळवारी मी तिच्या खाटेवर पालथा पडायचो. त्यामुळे तिचं काम मी जवळून पाहिलं आहे. कामाबद्दल मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही.

तिचं अर्धं काम पाण्याचं होतं. थंड अंगावर हात चालवणं म्हणजे ओल्या सुतळीची गाठ नखाने सोडवणं, असं ती म्हणायची. आधी शेक, मग हात. दोन बादल्या, एक कढत, एक गार. तिसऱ्या टबात दोन्ही मिसळायचं. मग कोपर वाकवून त्याची आतली बाजू पाण्यात धरायची आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. तळहात खोटं बोलतो, कोपर बोलत नाही. टॉवेल बुडवायचा आणि पिळायचा तो एकही थेंब गळणार नाही असा. गळक्या टॉवेलने माणूस भाजतो, पिळलेल्याने शेकतो. तीन मिनिटं पाठीवर, मग दुसरा, मग तिसरा. तेवढ्यात खांदा लोण्यासारखा नाही, पण निदान माणसाच्या मांसासारखा व्हायचा. मगच ती तेलाला हात लावायची.

नवीन माणूस आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "साखर आहे का? तळपायाला मुंग्या येतात? चटका कळतो का?" ज्याला कळत नाही त्याचे पाय जेमतेम कोमट पाण्यात, तेही पाच मिनिटं. "ज्याला कळत नाही त्याच्या वाटचं मला कळायला हवं," म्हणायची.

मागच्या वर्षी केंद्राला नवा मॅनेजर आला. अत्तर आधी यायचं, मग तो. त्याने बादल्या हलवल्या आणि आकडे दाखवणारं मशीन लावलेले दोन टब आणले. बायकांना पांढरे कोट दिले. बाह्या मनगटापर्यंत, मनगटावर घट्ट पट्टी, पट्टीला तीन बटणं.

पहिल्याच दिवशी त्याने वहिनीला सगळ्यांदेखत झापलं. मी खाटेवर होतो.

"मावशी, ग्राहकासमोर कोपर पाण्यात घालायचं नाही. ओंगळ दिसतं."

"मग पाणी कशाने बघू, साहेब?"

"आकडा बघा ना. मशीन काय शोभेला आणलंय?"

"आकड्याला कातडी असते का?"

बाकीच्या बायका फिस्सकन हसल्या. मॅनेजर हसला नाही. असली माणसं काम विसरतात, हसणं विसरत नाहीत.

"बाही वर दिसली तर घरी जायचं," तो म्हणाला.

दोन-तीन महिन्यांनी मी त्या टबात वाकून पाहिलं. गरम करणाऱ्या कांडीवर आणि शेजारच्या तापमान मोजणाऱ्या नळीवर पांढरा थर चढला होता, रुपयाच्या नाण्याइतका जाड. जड पाण्यात हे होतंच. माझ्या बॉयलरमध्ये मी तो थर छिन्नीने काढला आहे. नळीवर थर चढला की तिला पाण्याची ऊब पोचत नाही. पाणी तापत जातं आणि आकडा निवांत बसून राहतो.

मी मॅनेजरला सांगितलं. "हे काढा, घासा. नाहीतर कुणीतरी भाजेल."

"काका, बॉयलरचा जमाना गेला. हे कॉम्प्युटरवर चालतं."

"कॉम्प्युटरला पाणी कोण सांगतं? ती नळीच ना?"

"तुमची वेळ संपली, काका. पुढचं गिऱ्हाईक बसलंय."

मी निघून आलो. त्याच दिवशी मी जिन्यात बसून राहायला हवं होतं, नळी घासेपर्यंत. नाही बसलो.

तीन आठवड्यांनी म्हातारा शिंपी आला. वय सत्तर. पन्नास वर्षं मशीनवर वाकून मानेचा खांब झालेला, आणि साखरेने तळपाय बधिर. वहिनीने नेहमीचे प्रश्न विचारले, त्याने नेहमीची उत्तरं दिली. आकडा सदतीस दाखवत होता. त्या वेळी तिच्याकडे एकटीकडे तीन खाटा होत्या आणि प्रत्येकाला अर्ध्या तासात उठवायचा हुकूम होता. तिने पाण्यात हात घातला. तळहात घातला. तळहात काही बोलला नाही. तिने त्याचे पाय टबात ठेवले आणि दुसऱ्या खाटेकडे वळली.

शिंपी पेपर वाचत बसला. पाच मिनिटांनी ती आली, पाय उचलले, आणि तिचं तोंड उतरलं. घोट्यापर्यंत लाल. संध्याकाळी फोड आले. डाव्या पायाची कातडी मोज्यासारखी निघाली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तिच्यापुढे कागद ठेवला. टाइप केलेला. "मशीनवरील तापमानाकडे दुर्लक्ष करून मी स्वतःच्या अंदाजाने पाणी वापरले. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे." सही केली तर टॉवेल धुण्याच्या खोलीत काम मिळेल. नाही केली तर बाहेर, आणि सव्वीस वर्षांच्या अनुभवाचं पत्रही नाही. मुदत दोन दिवस.

ती कामावरून तशीच माझ्याकडे आली, पांढरा कोट अंगावर. कागद टेबलावर आपटला.

मी वाचला. संतापाने माझे कान तापले. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "सही करून टाक, वहिनी. पत्राशिवाय या वयात कोण उभं करणार आहे तुला? टॉवेल तर टॉवेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे सरकवली.

"मी आकड्याकडे दुर्लक्ष केलं? आकड्याचं ऐकलं म्हणून तर भाजला तो. आणि हा लिहितो, ऐकलं नाही म्हणून भाजला. उद्या दुसरी पोरगी येईल, तिला हा कागद दाखवतील. बघ, आकड्याचं ऐक. मग ती आणखी एकाला भाजेल."

"खरंय. पण तुझं एकटीचं कोण ऐकणार?"

"भाऊजी, तुमच्या बॉयलरचा काटा खोटा असता तर तुम्ही वहीत सही केली असती?"

मी केली होती एकदा. काही झालं नाही, हे नशीब. तिला ते ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"ज्याचा पाय भाजला त्याच्याकडे. त्याला कुणी विचारलंय का?"

शिंपी दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. पाय उशीवर, पांढऱ्या पट्ट्या गुडघ्याखालपर्यंत. आम्हाला पाहताच भडकला.

"आलीस? उरलेला पाय न्यायला आलीस?"

"चुकलं माझं, काका. सांगायला आले."

"सांगून कातडी येते का?"

त्याची सूनबाई मध्ये पडायला लागली, त्याने तिलाही गप्प केलं. उशाखालून त्याने एक कागद काढला. मॅनेजर येऊन गेला होता. मलमपट्टीचं सगळं केंद्र बघेल, फक्त तक्रार या बाईच्या एकटीच्या नावाने लिहून द्या, असं सांगून.

वहिनीने त्याला सगळं सांगितलं. नळीवरचा थर, आकडा, कोपराची बंदी. रडली नाही, हात जोडले नाहीत. हजेरी द्यावी तसं सांगितलं. शिंपी ऐकताना तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. तिच्या मनगटाकडे बघत होता.

"हात पुढे कर," तो म्हणाला.

तिने केला. त्याने चष्मा चढवला, पट्टी उलटून पाहिली, बटणांवरून अंगठा फिरवला. म्हातारा संतापला होताच, आता कळवळला. चुकीचं शिवलेलं पाहिल्यावर कारागीर कळवळतो तसा.

"काजं बघ. बटणापेक्षा अरुंद. एका हाताने सुटायची नाहीत, ओल्या हाताने तर नाहीच. पाण्यात काम करणाऱ्या बाईला असली बाही कुठल्या गाढवाने दिली?"

 मला वाटलं, सुटलो. शिंप्याने चष्मा काढला.

"पण सुटली असती की नाही?"

"सुटली असती," वहिनी म्हणाली.

"किती वेळ लागला असता?"

"अर्धं मिनिट."

"माझा पाय अर्ध्या मिनिटाच्याही लायकीचा नव्हता?"

वहिनी उठली.  येताना वाटेत तिने दुकानातून कोरे कागद घेतले.

रात्रभर तिने स्वतःचा कागद लिहिला. सकाळी मला वाचून दाखवला. "पाणी मी तळहाताने बघितले. बाहीचे बटण सोडले नाही. ही माझी चूक. कोपराने पाणी बघायला मला मनाई होती. नळीवर थर आहे हे भाऊजींनी मॅनेजरांना सांगितले होते, त्यांनी घासली नाही. ही त्यांची चूक. दोन्ही चुका लिहिल्या तरच मी तुमच्या कागदावर सही करेन." खाली सही, तारीख.

आम्ही दोघं गेलो. मॅनेजरने कागद वाचला आणि दोन बोटांनी परत सरकवला.

"मावशी, हे निबंध लिहिण्याचं ठिकाण नाही. आमच्या कागदावर सही करा."

"तुमच्या कागदात माझी चूकसुद्धा नीट लिहिलेली नाही," ती म्हणाली. "माझी मी लिहून आणलीय. तुमची तुम्ही लिहा."

"दार तिकडे आहे."

मी टेबलावर मूठ आपटली. पेनांचा डबा खाली पडला. त्याने शिपायाला हाक मारली. शिपाई आला, माझ्याकडे बघून पेनं गोळा करायला लागला. वहिनीने घडी केलेला पांढरा कोट टेबलावर ठेवला आणि जिना उतरली. सव्वीस वर्षं ती जिथे होती तिथून बाहेर पडायला तिला एक मिनिट लागलं नाही.

शिंप्याने मॅनेजरला हवी तशी तक्रार दिली नाही. त्याने केंद्राच्या मालकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. त्यात बाई होती, मॅनेजर होता, मशीन होतं, आणि तीन काजांची मापंसुद्धा होती. मालकाने मशीन घासून घेतलं. मॅनेजर तिथेच आहे. कोट तसेच आहेत. वहिनीचं नाव फळ्यावरून पुसलं आणि अनुभवाचं पत्र आजवर आलेलं नाही. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्याने म्हणावं. मी म्हणणार नाही.

आता ती घरोघरी जाते. पाच-सहा घरं आहेत. टॉवेल स्वतःचे, पिशवी स्वतःची.

दोन महिन्यांनी शिंप्याने निरोप धाडला. पाय बरा होत होता, मान धरली होती. वहिनी म्हणाली, तुम्हीही चला. मी गेलो.

शिंपी खुर्चीत मान वाकडी करून बसला होता. सूनबाईने पाणी आणलं.

"आधी सूनबाई बघेल," तो वहिनीला म्हणाला. "तुझ्यावर माझा विश्वास नाही."

"बघू दे."

सूनबाईने बोटं बुडवली. "ठीक आहे."

वहिनीनेही कोपर बुडवून बघितलं. "कढत आहे. एक मग गार घाल."

शिंपी खुर्चीतच वळायला गेला आणि मानेतून कळ आली. तरी ओरडलाच. "आता तोंड फुटलं? त्या दिवशी कुठे होतं हे?"

"बरोबर आहे तुमचं," वहिनी म्हणाली, आणि गार पाण्याचा मग स्वतःच उचलला.