सदाशिवरावांच्या लवंगा

सदाशिवराव गेल्याची बातमी मला भिंगारच्या भांडारात मिळाली. लष्कराच्या जुन्या घोंगड्या निवडण्याचे काम चालू होते. धड असलेल्या एका बाजूला, कसर लागलेल्या दुसऱ्या बाजूला. त्या ढिगांमध्ये त्यांच्या मोटार कंपनीचा कंडक्टर येऊन उभा राहिला. "दादा, तुमचे मेव्हणे गेले. आंघोळ करून जेवायला बसले, आन् तितंच कलंडले." मी टोपी काढली. तो जरा थांबला आणि म्हणाला, "दारूनं घात केला बघा. न्हाईतर मानूस सोन्याचा." मी त्याला कारण विचारले नव्हते. माझे सारे आयुष्य भांडारात गेले आहे, आणि न विचारता खुलासा देणाऱ्याच्या मालाची गाठ मी आधी सोडून पाहतो. पण त्या दिवशी तेवढी सवड नव्हती. भांडाराला कुलूप लावले आणि कोल्हारची गाडी धरली.

सदाशिवराव हे माझ्या धाकट्या बहिणीचे, शांतेचे यजमान. नगर–कोल्हार रस्त्यावर एका खाजगी मोटार कंपनीत डायव्हर. शेवटची गाडी कोल्हारला वस्तीला असे, म्हणून बिऱ्हाडही तिथेच, प्रवरेच्या बाजूला. अंगाने उंच, बोलायला मोकळे. म्हाताऱ्या बायकांची गाठोडी स्वतः टपावर चढवणार, आणि वर म्हणणार, "आजी, दगडं भरल्यात का लेकीसाठी?" रस्त्यात बैलगाडी आडवी आली तर भोंगा वाजवायचा नाही, हा त्यांचा नियम. "बैल बुजला तर धनी बुजतो, आन् धनी बुजला तर शिव्या मलाच." लग्न ठरवताना मी त्यांची बरीच चौकशी केली होती. व्यसन नाही, कर्ज नाही, राग नाही. सगळे तपासून मगच होकार दिला होता. म्हणून पुढे जे कानावर येऊ लागले ते मला फार लागले.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासे झाले आणि मोटारी कोळशावर चालू लागल्या. गाडीच्या मागे एक उभी टाकी बसवलेली असे. तिच्यात लोणारी कोळसा पेटवायचा, क्लीनरने हाताने पंखा फिरवून आच धरायची, आणि त्या धुराच्या गॅसवर इंजिन चालायचे. चालायचे म्हणजे रखडायचे. विळदच्या चढाला निम्मे उतारू खाली उतरून गाडीबरोबर चालत आणि एकमेकांना विचारत, "आपन मोटारीनं चाललोय का मोटार आपल्या संगं?" एवढ्या रखडत्या गाडीने कंपनीला फेऱ्या मात्र पूर्वीइतक्याच हव्या होत्या. दुसरा डायव्हर सोडून गेला, तेव्हापासून त्याच्याही फेऱ्या सदाशिवरावांच्या अंगावर पडल्या.

त्याच सुमारास शांता माहेरपणाला भिंगारला आली. ती मुळात बोलकी, पण त्या खेपेस विचारले तेवढेच उत्तर देई. शेवटी स्वयंपाकघरात माझ्या पत्नीजवळ बोलली. रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, काही बोलले तर खेकसतात, विचारले तर भिंतीकडे तोंड करतात. तिला वाटत होते की बाहेर काही असावे... बाई असावी. मला वाटले, बाई नव्हे, बाटली. कारण कोल्हारहून बाजाराला येणाऱ्या लोकांकडून मला तुकडे मिळत होते, आणि मी ते ओळीने लावून ठेवले होते. डोळे तांबारलेले. गाडीतून उतरताना पाय अडखळतो. आणि तोंडात सदान्‌कदा लवंग. आमच्या भागात सकाळच्या प्रहरी लवंग चघळणाऱ्याला कोणी दात दुखतो का म्हणून विचारत नाही. वास मारायला चघळतो, हे सगळे धरून चालतात. उतारूंनी कंपनीच्या शेठकडे तक्रारही केली होती. शेठ हसला म्हणे. "कोणता डायव्हर घेत नाही? आमच्या सदाशिवच्या लवंगा आम्हाला ठाऊक आहेत." हे ऐकून मला तेव्हाच खटकले होते. गाडी ज्याच्या मालकीची, त्याला डायव्हर पितो हे कळून हसू येते? पण हा प्रश्न मी बाजूला ठेवला. आधी घरचा माणूस तपासायचा होता.

थंडीचे दिवस होते. एका रविवारी कोणाला न कळवता मी नगरच्या स्टँडवर गेलो आणि डायव्हरच्या शेजारची जागा धरली. सदाशिवराव चपापले, मग हसले. "दादा, आज तपासनी का काय?" मी म्हणालो, "बहिणीला भेटायला निघालोय." त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास होता, दुसरा कुठलाच नव्हता. मी अगदी जवळ वाकून खात्री केली. त्यांच्या ते ध्यानात आले. गाडी निघाली तशी मागून ओरडा झाला, "वारं लागतंय, पडदे सोडा!" कनातीचे पडदे सगळ्या बाजूंनी सोडले गेले. राहुरीपर्यंत माझ्या कपाळात ठणका सुरू झाला होता. पुढे डोळे मिटू लागले. मी दुपारी कधी झोपत नाही, त्या दिवशी मात्र मान पुनःपुन्हा छातीवर पडत होती. शेजारी सदाशिवराव ताठ बसून, ओठ घट्ट मिटून गाडी हाकत होते.

कोल्हारला उतरलो तर पायाखालची जमीन तिरकी झाली. मी लिंबाच्या बुंध्याला धरले आणि भर स्टँडवर ओकलो. चहाच्या दुकानातून आवाज आला, "ते बगा, पावनं बी त्याच पंथातले!" "व्हय की. मेव्हनं-मेव्हनं जोडीनं बसलं असत्याल." मी जन्मात थेंब न घेतलेला माणूस, मेव्हण्याची दारू पकडायला आलेला! सदाशिवरावांनी मला आधार दिला आणि खिशातून एक लवंग काढून हातावर ठेवली. "चावा, दादा. गिळू नका."

नदीच्या वाळूत बसल्यावर ते बोलले. कोळशाचा गॅस आत येतो, पडदे सोडले की कोंडतो. डोके जड होते, झापड येते. लवंग दाताखाली फोडून जिभेवर धरली की जळते, आणि जळते तोवर डोळा उघडा राहतो. मी म्हणालो, "मग हे लोकांना सांगा की! दारुडा म्हणतात तुम्हाला."

"म्हनू द्या." ते वाळूत बोटाने रेघा मारत होते. "दादा, पिनाऱ्या डायव्हरच्या गाडीत लोक बसत्यात. शिव्या घालत्यात, पन बसत्यात. झोपनाऱ्याच्या गाडीत कोन बसंल? तुमी शांतेला बसवाल?"

त्यांनी वाळूतल्या रेघा तळहाताने पुसल्या.

"माझ्या हातात हे चाक हाय तोवर मी कुनीतरी हाय. ते गेलं तर मी निस्ता उंच मानूस." मग शांतेची शपथ घालून म्हणाले, "दारुडा म्हनतील त्याला व्हय म्हना. पन झोपेचं कुनाला बोलू नका. तिलाबी न्हाई."

मी शब्द दिला. भिंगारला परतताना मला हलके वाटत होते, हेही खरे. संशय घेतला म्हणूनच खरे काय ते कळले; त्याबद्दल मला आजही ओशाळे वाटत नाही. गॅस हे कारण सापडले, लढाई संपली की कारण संपेल, असा मी हिशोब केला.

लढाई संपली. टाक्या निघाल्या, पेट्रोल आले. पण त्यांच्या खिशातल्या लवंगा तशाच राहिल्या... तिथे माझा हिशोब पुन्हा चुकू लागला. फेऱ्या कमी झाल्या नव्हत्या, उलट गाडी वेगाने जाते म्हणून एक वाढली होती. एकदा मी गाडीत असताना राहुरीच्या अलीकडे चार-दोन बैलगाड्या रस्त्यावर आल्या. सदाशिवरावांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी शेवटच्या बैलगाडीला घासण्याआधी थांबवली. मागून वाहवा झाली. क्लीनर बाबूमियाँ ओरडला, "क्या हात है, उस्ताद!" ते माझ्याकडे वळले तेव्हा चेहरा राखेसारखा होता. अगदी हळू म्हणाले, "दादा, मला गाड्या दिसल्याच न्हाईत. घुंगरं ऐकून जाग आली." त्या दिवशी गॅस नव्हता, पडदे वर होते, वारा भरपूर होता. घरी झोप नाही आणि चाकावर झोप, असे उलटे होऊन बसले होते. दिवसभर रस्त्याच्या भीतीने ताणलेले शरीर रात्री सैल होईना, आणि सकाळी इंजिनाची घरघर सुरू झाली की मन आपसूक मिटे. मी शेठकडे गेलो. शब्दाला बांधलेला होतो, म्हणून एवढेच म्हणालो की मेव्हण्यांची प्रकृती बरी नाही, एक फेरी कमी करा. शेठ म्हणाला, "त्यांना सांगा, थोडी कमी घेत जा." आणि पुन्हा हसला.

ते हसू मला उमगले ते आत्ता, तेराव्यानंतर. शेठ स्वतः मोटार घेऊन शांतेला भेटायला आला. ओसरीवर माणसे होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "घ्यायचे बिचारे, पण हात सोन्याचा. आम्ही कधी बोललो नाही." माना हलल्या. कंडक्टरच्या तोंडचे शब्द कुठून आले ते मला कळले. दारू ही डायव्हरची चूक असते. झोप ही फेऱ्या लावणाऱ्याची. सदाशिवरावांनी आपली जागा राखायला दारूचे नाव अंगावर घेतले, आणि शेठने ते इतकी वर्षे आनंदाने त्यांच्या अंगावर राहू दिले. मी दिलेला शब्द कोणाच्या कामी येत होता, हे समोर बसले होते. मी त्याच्यासमोर बोललो नाही. ओसरीवर भांडण घालून बहिणीचे दुःख चव्हाट्यावर मांडायचे नव्हते. पण तो गेल्यावर आत जाऊन शांतेला सगळे सांगितले. वाळूतले बोलणे, घुंगरे, शपथ, आणि हे सारे मी आता लिहून काढणार आहे, तेही.

तिने डोळे पुसले नाहीत. मला मागच्या पडवीत नेले. तिथे त्यांची बाज होती, सुंभाने विणलेली. पायथ्याची दोरी उजव्या अंगाला पार सैल पडलेली, झोळ आलेला. डावीकडे नव्यासारखी ताठ. सैल दिसले की आवळायचे, हा माझा स्वभाव. मी खाली बसून गाठ सोडू लागलो. तिने माझा हात धरला.

"राहू दे, दादा. कधी अर्धी घटका डोळा लागला, की उजव्या पायानं ब्रेक दाबायचे. तेवढ्यातही पुन्हा पुन्हा. मी किती वेळा आवळली." ती त्या झोळाकडे पाहत होती. "मला वाटायचं, कुणापासून तरी पळत असतील. आज कळलं, थांबवत होते... दारूच्या झोपेत कुणी ब्रेक दाबतं का? हे पण लिही."

लिहिले.