फक्त डाव्या डोळ्याला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो. मध्येच खिदळलात तर माझा धागा तुटतो, आणि हा किस्सा असा आहे की तुटलेला धागा पुन्हा सुईत ओवायला माझ्यानं व्हायचं नाही. असा गाढवपणा केलाय मी! आणि तोसुद्धा नीट विचार करून. बिनविचाराचे गाढवपणे मी रोजच करतो, त्याचं कुणाला काय कौतुक? पण जन्मात पहिल्यांदा डोकं चालवलं, आणि ते कुठे चाललं ते ऐका.

आमचं घर शिंप्याचं. चिकपेटेच्या मागच्या गल्लीत आम्ही किती पिढ्या आहोत ते आईलाही ठाऊक नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मशीनवर बसलं की तोंडाला येईल ती. माझा थोरला भाऊ, अण्णा, कापड कापायचा. मी शिवायचो. माझी शाळा तिसरीत सुटली. म्हणजे मीच सोडली, आणि मास्तरांनी फारसं अडवलं नाही.

चार महिन्यांपूर्वी अण्णा तापानं गेला. त्याच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. बोललो तर किस्सा बाजूला राहील. एवढंच सांगतो, या बेंगळुरात जो तो ज्याला त्याला ‘अण्णा’ म्हणून हाक मारतो. भाजीवाला, कंडक्टर, रस्त्यात पत्ता विचारणारा. आणि मी अजून प्रत्येक हाकेला वळून बघतो.

असो.

घरात उरलो मी, आई आणि वहिनी. वहिनी हुबळीची, मॅट्रिक पास. हात असा की तिनं केलेलं काज उलटं धरा नाहीतर सुलटं, फरक कळत नाही. पण नुसत्या काजांवर घर कसं चालायचं? कापणारा गेला. माझ्या हातात कात्री बघितली की गिऱ्हाईक कापड परत काखेत घालतं. शेवटी हुबळीहून वहिनीचे वडील आले आणि म्हणाले, “पोरीला घेऊन जातो. इथे तिचं आता काय आहे?”

आईचं तोंड उतरलं. माझं तर विचारूच नका. अण्णा गेला, आता वहिनीपण गेली तर घरात मी आणि आई एकमेकांकडे बघत बसणार!

तेवढ्यात वहिनीनंच सांगितलं, “गावाबाहेर घड्याळांचा नवा कारखाना निघालाय. बायका घेतायत. मी अर्ज टाकलाय. बोलावणं येऊन नोकरी लागली तर मी इथेच राहीन.”

वडील म्हणाले, “लागली तर राहा. नाही लागली तर मी न्यायला येईन.” आणि गेले.

म्हणजे आता सगळं त्या कारखान्यावर आलं. मी वहिनीकडे नीट बघितलं. रडून रडून डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं पडली होती की कोळशानं काढावीत. कडेला बारीक बारीक रेघा. वय काय, तर पंचवीस! मी मनात म्हटलं, घड्याळाचं काम म्हणजे डोळ्यांचं काम. साहेब हिला बघून म्हणेल, ही तर आजारी बाई, हिला काय दिसणार? चला, हुबळी!

झालं. मशीनवर अर्धी विजार तशीच सोडली आणि चिकपेटेतलं फॅन्सी स्टोअर गाठलं.

“डोळ्यांखालचं काळं जाईल असं काहीतरी द्या,” मी दुकानदाराला म्हणालो. “रेघासुद्धा गेल्या पाहिजेत. आणि खिशाला झेपलं पाहिजे.”

“कुणाला रे तम्मा?” त्यानं डोळा मारला. तम्मा म्हणजे इकडे धाकट्या भावाला म्हणतात.

“बहिणीला!”

त्यानं आधी एक काचेची बरणी काढली. “हे विलायती.” किंमत ऐकून मी ती इतक्या हळू खाली ठेवली की झोपलेलं मूलसुद्धा जागं झालं नसतं. दुसरी काढली. “हे मुंबईचं.” तीपण मी झोपवली.

“आणि ते कोपऱ्यातलं?”

पत्र्याची छोटी डबी होती, झाकणावर कमळ. “हे इथलंच. मागच्या गल्लीत भरतात. स्वस्त आणि एकदम बेष्ट. माझी बायको हेच लावते.”

पडद्यामागून बायकोचा आवाज आला, “मी कधी लावलं हो?”

दुकानदार खोकला. मी डबी उघडली आणि कापड पारखतो तसं क्रीम अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून बघितली. पोत बरा होता. गुठळी नाही, खरखर नाही.

“काळं जातं ना नक्की?”

“जातं. स्वल्प धीर धरायचा.”

घेतलं. आणि आता आला माझ्या विचाराचा भाग!

अण्णाचा एक नियम होता. नवीन कापड आलं की आधी त्याचा कोपरा भिजवायचा. आटतं का, रंग सोडतं का, बघायचं, मग कात्री. मी हा नियम कधी पाळला नाही, आणि त्यापायी एका शेट्टींची विजार पहिल्याच धुण्यात गुडघ्यापर्यंत आली होती. अण्णानं तेव्हा मला काय काय ऐकवलं! तर या वेळी, म्हटलं, अण्णाचं ऐकायचंच. वहिनीच्या तोंडाचा प्रश्न आहे.

“वहिनी, हे लाव. पण फक्त डाव्या डोळ्याला.”

“आणि उजव्यानं काय पाप केलंय?”

“उजवा तसाच ठेवायचा. फरक कसा कळणार नाहीतर? आधी कोपरा भिजवायचा, मग कात्री लावायची.”

अण्णाचे शब्द ऐकून तिनं डबी हातात घेतली. मग म्हणाली, “भावजी, मी आता क्रीम लावलेली आईंना चालेल का?”

“आईला कोण सांगतंय!”

हट्टच धरला मी. शेवटी माझं समाधान व्हावं म्हणून तिनं ती लपूनछपून लावायला सुरुवात केली. आणि सांगतो तुम्हाला, आठवड्याभरात डावा डोळा उजळला! खरंच उजळला हो! त्या डबीत काय भरतात देव जाणे. पण डावा उजळला तसा उजवा आणखीच काळा दिसायला लागला. अर्धं तोंड लग्नाला निघालेलं, अर्धं स्मशानातून आलेलं.

आईच्या ते लगेच ध्यानात आलं. “नाग्या, हिच्या एकाच डोळ्याला कुणाची रे दृष्ट लागली?” असं म्हणून तिनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. तीसुद्धा उजव्या बाजूनंच.

मी खुशीत. म्हटलं, परीक्षा पास, आता दोन्हीकडे लावू. आणि त्याच दिवशी कारखान्याचं कार्ड आलं. वहिनीनं ते वाचून दाखवलं.

“उद्या सकाळी बोलावलंय.”

उद्या! आता काय? माझा धीर तिथंच संपला. “वहिनी, उजव्याला लाव! दुप्पट लाव! चोळून लाव, आत मुरलं पाहिजे!”

बिचारीनं चोळलं. मी समोर उभा राहून “अजून, अजून” करत होतो, इस्त्रीवाल्याला सांगावं तसा. सकाळी बघतो तर उजवा डोळा टम्म सुजलेला. कालपर्यंत नुसता काळा होता, आता काळानिळा. कुणीही सांगितलं असतं, या बाईला रात्री कुणीतरी ठोसा मारलाय.

आणि बाईच्या शेजारी कोण? मी!

बसमध्ये चढलो तर कंडक्टरनं आधी वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिकीट माझ्या हातात असं खुपसलं की बोट कापलं असतं. समोर शेंगांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. ती कन्नडमध्ये सुरू झाली, “काय रे, आईनं हेच शिकवलं का? बाईमाणसावर हात टाकतोस?”

“अहो अज्जी, मी मारलं नाही. मी फक्त लावायला सांगितलं.”

“काय लावायला?”

“क्रीम.”

“आधी मारायचं आणि मग क्रीम लावायची!” मागचा एक धोतरवाला म्हणाला. “सगळे मेले असेच.”

“नाही हो, आधी क्रीमच लावली!”

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. मी वहिनीला कोपरानं खुणावलं, की बाई, तू तरी बोल. ती पदरात तोंड घालून खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. म्हातारी म्हणाली, “बघा, रडते आहे लेकरू,” आणि तिच्या ओंजळीत मूठभर शेंगा घातल्या. मला एक नाही.

कारखान्यापर्यंत माझी खात्री पटली होती की आज नोकरी राहिली बाजूला, मला चौकीवर नेणार.

बोलावलेल्या बायका एकेक करून आत जात होत्या. बरोबर आलेल्यांसाठी व्हरांड्यात बाक. वहिनीचं नाव पुकारलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. टेबलामागे जाड चष्म्याच्या एक बाई, आणि शेजारी म्हातारा मिस्त्री. वहिनीला बघितलं मात्र, मिस्त्री खुर्चीतून उठला. जवळ आला, वाकला, आणि तिच्या उजव्या डोळ्याकडे बघतच राहिला.

“किती वर्षं?” त्यानं गंभीर आवाजात विचारलं.

माझ्यानं कुठं राहवतंय! बाकावरून उडी मारून मी दारात. “वर्षं कसली साहेब! एकदाही नाही! आईशपथ, बोटसुद्धा लावलं नाही!”

“तुम्ही कोण?”

“दीर.”

“मी यांना विचारतोय. किती वर्षं चाललंय हे?”

“चाललेलंच नाही! आमच्या गल्लीत कुणालाही विचारा!”

“मग हा डोळा काळा कसा झाला?”

“क्रीममुळे.”

“क्रीम लावून काळा झाला?”

“नाही नाही. क्रीम डाव्याला लावली, म्हणून उजवा काळा राहिला. मग काल उजव्याला लावली, तो सुजला.”

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.  मिस्त्रीनं खिशातून एक काळं, वाटीसारखं भिंग काढलं आणि स्वतःच्या उजव्या डोळ्यात बसवून दाखवलं. काढलं तर खाली हे असं काळं कडं!

“घड्याळाच्या कामात हे भिंग डोळ्यात धरून बसावं लागतं,” तो म्हणाला. “काही वर्षांनी ज्याचा त्याचा एक डोळा असा होतो. सकाळपासून इतक्या बायका आल्या, एकीलाही कामाची ओळख नाही. हिला बघून मला वाटलं, चला, एक तरी तयार कारागीर आली. म्हणून विचारलं, किती वर्षं काम केलंय?”

कळलं का तुम्हाला? मी तोंड मिटून बाकावर बसलो असतो तर माझी वहिनी आल्या आल्या तयार कारागीर ठरली असती!

मी दाराची चौकट धरून उभा. वाटलं, संपलं. हुबळीची गाडी लागली.

आणि मग एक आवाज आला. आधी मला कळेचना कसला. वहिनी हसत होती! अहो, अण्णा गेल्यापासून आमच्या घरात तो आवाज झाला नव्हता. पदर तोंडाला लावून, मान खाली घालून, गदागदा हसत होती. बसमध्येसुद्धा ती रडत नव्हती, हसूच दाबत होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

“साहेब,” ती डोळे पुसत म्हणाली, “घड्याळाला मी कधी हात लावलेला नाही. मी काजं करते. आणि ह्यांच्याकडून कुणाला मार बसत नाही, नुसता ताप होतो.”

मिस्त्री गालात हसला. त्यानं टेबलावर एक पांढरी बशी ठेवली. तिच्यात तिळाहून बारीक स्क्रू, शेजारी चिमटा आणि एक पट्टी, पट्टीला भोकं. “एकेक उचलून भोकात उभा करा. भिंग लावून.”

वहिनीनं भिंग उजव्या डोळ्यात बसवलं. सूज बिज सगळी त्या वाटीत गडप! डोळ्याखालचं काही म्हणजे काही दिसेना. इतके दिवस मी कशासाठी जीव आटवत होतो हो?

तिनं चिमटा उचलला. काज करताना श्वास धरते तसा धरला. पहिला स्क्रू उभा. दुसरा उभा. हात जराही हलला नाही. मीच इकडे घामाघूम. शेवटचा स्क्रू उभा राहिला तेव्हा मिस्त्रीनं पट्टी उजेडात धरून बघितली आणि बाईंना एकच शब्द म्हणाला, “सरी.”

सरी म्हणजे ठीक. पण मला तो शब्द असा लागला की छातीवरची शिलाईची मशीन कुणीतरी उचलून बाजूला ठेवली! हुबळी रद्द! बाईंनी वहिनीला कामावर कधी यायचं ते सांगितलं. मी तिथंच मिस्त्रीच्या पाया पडायला वाकलो, तर त्यानं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि नीट निरखून बघितलं.

“बाई,” तो वहिनीला म्हणाला, “तुमचा एक डोळा मला कळला. पण या तुमच्या दिराचे दोन्ही डोळे काळे आहेत. हा काय दोन भिंगं लावून बसतो?”

मला काही समजलं नाही. बाहेर येऊन बसमध्ये बसलो आणि खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच बघितलं असेन. म्हातारा बरोबर बोलला होता. वहिनीच्या वर्तुळांचं मी काय घेऊन बसलो होतो? माझी तिच्याहून गडद होती. दोन्ही बाजूंना, अगदी एकसारखी.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिला पुन्हा हसू फुटलं ते थांबेचना. सगळी बस वळून बघायला लागली. एक काळा डोळा असलेली बाई पोट धरून हसतेय, आणि शेजारी दोन काळे डोळे घेऊन एक पोरगा मान खाली घालून बसलाय.

या वेळी मला कुणी काही बोललं नाही. मारामारीत जिंकलं कोण, ते सगळ्यांना दिसतच होतं.