पडघ्याच्या बाईंचे बरोबर आकडे

समस्त भिवंडीकरांनी हातातली कामं थांबवून ऐकावं: पडघ्याच्या एका बाईंचा मी वर्षभर मनापासून मत्सर केला.

माणसाच्या लघवीत प्लास्टिक मऊ करणारी रसायनं किती उतरली आहेत, हे माझी भिवंडीतली आणि बाईंची पडघ्यातली, अशा आमच्या दोन्ही प्रयोगशाळा मोजतात. पडताळणीसाठी अधूनमधून एकाच लघवीचे नमुने दोघांकडे येत. बाईंचा आकडा अचूक, माझा मात्र कायम चढा. "जरा बाईंकडून शिका," साहेब म्हणायचे. बाईंचं अहवालावरचं सुबक अक्षरसुद्धा मला डोळ्यांत खुपायचं. त्यातून पडताळणीच्या पुढच्या फेरीत चुकलो, तर यंत्रमाग कामगारांचे सगळे नमुने पडघ्याला जाणार होते!

शेवटी बाईंची लबाडी पकडायचीच, या पवित्र हेतूने मी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन धडकलो. बाईंनी मला दारातच अडवलं आणि दीर्घ श्वास घेतला. मला वाटलं, भुलल्या.

"वास छान आहे. रोज लावता?"

"रोज!" मी कॉलर सावरली. "निजामपुऱ्यातलं अत्तर आहे. नमुन्यांच्या बाटल्या उघडण्याआधी दोन्ही मनगटांना चोळतो. लघवीचा वास सहन होत नाही हो मला."

बाईंचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"अहो दादा, वास टिकावा म्हणून स्वस्त अत्तरात आपण मोजतो तेच रसायन घालतात! वर्षभर तुम्ही लोकांची लघवी नाही, स्वतःची मनगटं मोजताय!"